साल्वादोरी पुपुसा: पिठापासून तव्यापर्यंत

पुपुसा म्हणजे मक्याच्या ओल्या पिठात सारण भरून, दोन तळव्यांमध्ये थापून, तव्यावर भाजलेली जाड भाकरी. रुंदी साधारण 12 ते 13 सेंटिमीटर, जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास. आत वितळणारं चीज, परतून घोटलेला राजमा, डुकराच्या मांसाचं वाटण किंवा या तिन्हींचं मिश्रण असतं. वर आंबट कोबी आणि टोमॅटोची पातळ साल्सा घालून ती हातानेच खातात. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाचा हा राष्ट्रीय पदार्थ. तिथल्या विधिमंडळाने 2005 मध्ये तसा ठरावच केला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसाचा दिवस म्हणून राखून ठेवला.

पहिल्या खेपेला बहुतेकांची पुपुसा फुटते आणि दोष थापणाऱ्या हाताला दिला जातो. हाताचा दोष फार थोडा असतो. पीठ आणि सारण यांचा मऊपणा सारखा नसला की पुपुसा फुटते. पीठ घट्ट आणि सारण सैल असेल, तर थापताना सारण आधी पसरतं आणि कडेने बाहेर येतं. पीठ सैल आणि सारणात राजम्याचे अख्खे दाणे किंवा चीजच्या कांड्या असतील, तर त्या पिठाला आतून भोक पाडतात. पुढची बरीचशी मापं आणि खटपट हा मऊपणा जुळवण्यासाठीच आहे.

कामाचा क्रमही आधीच ठरवून घ्या. राजमा आदल्या रात्री भिजवायचा असतो, कोबी आदल्या दिवशी मुरवायला ठेवायचा असतो आणि मका घरी शिजवणार असाल तर तोही आदल्या संध्याकाळीच. एवढं झालेलं असेल आणि सारणंही तयार असतील, तर दुसऱ्या दिवशी 12 पुपुसा तासाभरात होतात. जेवायला माणशी दोन ते तीन धरा.

कोणतं पीठ घ्यायचं

सगळ्यात मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

पुपुसाचं पीठ साध्या मक्याचं नसतं. वाळलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर त्यातच ठेवून, धुऊन ओलेच दळतात. या शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात आणि दळून होतो तो मासा (हा स्पॅनिश शब्द, अर्थ मळलेलं पीठ; आपल्या माशाशी संबंध नाही). चुन्यामुळे दाण्याचं टरफल विरघळून सुटतं, त्यातला डिंकासारखा भाग पिठात मिसळतो आणि स्टार्च अर्धवट शिजून फुगतो. मक्यात ग्लूटेन नसतं, तरी मासाचा गोळा एकसंध राहतो तो यामुळे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही चुन्यानेच शरीराला मिळेल अशा रूपात येतं. मध्य अमेरिकेत ही पद्धत हजारो वर्षांची आहे.

हाच मासा वाळवून पुडीत भरला की त्याला मासा आरिना म्हणतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांना तो साध्या सुपरमार्केटातही मिळतो. 1980 ते 1992 या यादवी युद्धाच्या काळात लाखो साल्वादोरी माणसं अमेरिकेत गेली. त्यामुळे लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, ह्यूस्टन या भागांत पुपुसेरियाही (पुपुसाच्या खानावळी) भरपूर आहेत आणि त्यांना लागणाऱ्या सामानाची दुकानंही. पुडी घेताना ती तोर्तियासाठीच्या, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीसाठीच्या, बारीक पिठाची आहे ना, ते बघा. तामालसाठीचं (पानात गुंडाळून उकडतात त्या पदार्थासाठीचं) पीठ रवाळ असतं आणि त्याला कडेला भेगा जातात. आरेपाचं, म्हणजे कोलंबिया-व्हेनेझुएलातल्या मक्याच्या जाड भाकरीचं, पीठ दिसायला अगदी तसंच असतं, पण ते चुन्याशिवाय शिजवलेलं असतं. त्याची चव वेगळी आणि थापताना वागणंही वेगळं.

भारतात मासा आरिना आयात मालाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो, महाग पडतो. त्याऐवजी मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ वापरून बघायचा मोह होतो. त्याची भाकरी होते, पण सारण भरण्याइतकी पकड त्या पिठाला नसते. थापलं की कड फाटते आणि चवीतही चुन्याचा तो खास वास येत नाही. वाण्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरी पावडर मिळते, ती तर निव्वळ स्टार्च. सूप दाट करायला ठीक, इथे तिचा काही उपयोग नाही.

मका घरी शिजवायचा तर

मक्याचे वाळलेले दाणे 500 ग्रॅम घ्या. पांढरा मका मिळाला तर उत्तम, पिवळाही चालतो. पॉपकॉर्नचा दाणा नको, त्याचं टरफल फार चिवट असतं. पेरणीसाठी विकतात तो मका तर अजिबातच नको, त्यावर औषध लावलेलं असतं. कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकला जाणारा मकाही टाळा. त्यात बुरशी लागलेले दाणे सापडतात.

चुना खाण्याचाच हवा. कोरडी पावडर असेल तर 5 ग्रॅम, म्हणजे मक्याच्या वजनाच्या एक टक्का. पानवाल्याकडचा ओला चुना असेल तर त्यात पाणी असतं, म्हणून 10 ग्रॅम घ्या. तो साधा, बिनवासाचा असावा. रंगकामाचा चुना किंवा न विझवलेला कळीचा चुना स्वयंपाकघरात आणूही नका.

स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी घेऊन त्यात चुना ढवळा, धुतलेला मका घाला आणि उकळी आणा. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, चुना त्या धातूला खातो. उकळी आली की आच कमी करून 30 ते 40 मिनिटं शिजवा. पाणी पिवळं होतं आणि ओल्या मातीसारखा वास सुटतो. एक दाणा काढून थंड पाण्यात बुडवा आणि बोटांत चोळा. टरफल सहज सुटलं आणि दाणा तोडल्यावर मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला की गॅस बंद करा. पूर्ण शिजेपर्यंत थांबलात तर दळल्यावर पीठ चिकट होतं आणि हाताला सोडत नाही. झाकण ठेवून 8 ते 12 तास तसंच राहू द्या.

सकाळी पाणी ओतून द्या. तीन-चार पाण्यांनी धुताना दाणे तळव्यांत चोळा, म्हणजे टरफलं निघून जातील. थोडी राहिली तरी बिघडत नाही. धुणं मात्र टाळू नका, नाहीतर मासाला साबणासारखी कडवट चव राहते.

एल साल्वादोरमध्ये हा ओला मका बादलीत भरून जवळच्या चक्कीवर नेतात. आपल्याकडची पिठाची गिरणी कोरडं दळते. तिथे ओला मका घेऊन गेलात तर गिरणीवाला हाकलून देईल आणि त्याचं बरोबरच असेल. घरातला डोशाचा वेट ग्राइंडर सर्वांत चांगला. मिक्सर असेल तर एका वेळी 150 ग्रॅमपेक्षा जास्त मका घालू नका. त्याला दोन ते तीन चमचे पाणी घाला आणि थांबत थांबत फिरवा. भांडं गरम झालं तर थांबा. बोटांत घेतल्यावर रवा जेमतेम जाणवला पाहिजे. पाणी जास्त झालंच तर दोन-तीन चमचे तांदळाची पिठी मिसळून सावरता येतं. 500 ग्रॅम मक्याचा साधारण 850 ते 900 ग्रॅम मासा होतो. दहा-अकरा पुपुसांना तो पुरतो.

पुडीतलं पीठ भिजवणं

12 पुपुसांसाठी 360 ग्रॅम मासा आरिना, एक चमचा मीठ आणि 640 ते 700 मिलिलिटर कोमट पाणी लागतं. पाणी पिठाच्या दुप्पट वाटतं, पण तेवढं लागतंच. पुडीवर छापलेलं माप तोर्तियासाठी असतं आणि त्या मापाने मळलेलं पीठ पुपुसाला घट्ट पडतं.

आधी 640 मिलिलिटर पाणी घालून हाताने कालवा आणि दोन मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ फारच सैल वाटेल. घाबरून वर पीठ टाकू नका. ओल्या फडक्याने झाकून 15 ते 20 मिनिटं ठेवा. या वेळात कण पाणी पितात आणि पीठ आपोआप बसतं. मग लिंबाएवढा गोळा घेऊन तळव्यावर चपटा करा. कडेला खोल भेगा पडल्या तर एक-एक चमचा पाणी घालून पुन्हा मळा. कड गुळगुळीत राहिली आणि पीठ हाताला थोडंसंच चिकटलं, तर बरोबर जमलं. तळव्यावर थरच राहत असेल, तर पाणी जास्त झालं. तेव्हा दोन चमचे पीठ घालून पाच मिनिटं थांबा.

घरी दळलेल्या मासात फक्त मीठ घाला आणि हीच चाचणी घ्या. थापायला सुरुवात केल्यावरही फडकं ओलं ठेवा. पंख्याखाली पीठ दहा मिनिटांत कोरडं पडतं, म्हणून शेवटच्या दोन-तीन पुपुसा नेमक्या फाटतात. मधूनच हात ओला करून पीठ एकदा मळून घेतलं की हे टळतं.

तांदळाच्या पुपुसा

मका शिजवायचा कंटाळा असेल आणि आयात पिठावर पैसे घालायचे नसतील, तर तांदळाच्या पुपुसा करा. ही काही आपण काढलेली पळवाट नव्हे. राजधानी सान साल्वादोरहून विमानतळाकडे जाताना लागणारं ओलोकुइल्ता हे गाव तांदळाच्या पुपुसांसाठीच ओळखलं जातं. या पुपुसा पांढऱ्याशुभ्र होतात आणि वरून मक्याच्या पुपुसांपेक्षा जास्त कुरकुरीत.

मोदकाला वापरतो ती बारीक पिठी 360 ग्रॅम घ्या. 450 मिलिलिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालून खळखळून उकळा. पाणी पिठीवर ओतून कालथ्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. नंतर हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळा. गार झाल्यावर मळायला घेतलं तर गुठळ्या राहतात. उकड नेहमी करणाऱ्यांना हे नवीन नाही. फक्त मोदकाच्या उकडीपेक्षा ही थोडी सैल हवी, कारण पुपुसा वाफेवर शिजत नाही आणि कोरड्या तव्यावर पाणी झपाट्याने उडतं. 80 ग्रॅमचे दहा गोळे होतात.

सारणं

12 पुपुसांना एकूण 550 ते 600 ग्रॅम सारण लागतं. एका पुपुसात 45 ते 50 ग्रॅम, म्हणजे पोह्याचा भरगच्च दीड-दोन चमचे.

राजम्यापासून सुरुवात करू. एल साल्वादोरमध्ये बारीक, लाल, पातळ सालीचा राजमा वापरतात. आपल्याकडचा बारीक काश्मिरी राजमा त्याच्या सर्वांत जवळचा. मोठ्या चित्रा राजम्याची साल घोटल्यावरही जाणवते. 150 ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात अर्धा कांदा, दोन लसूण पाकळ्या घालून कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा. सहा-सात शिट्ट्या लागतात. राजमा अर्धा कच्चा ठेवणं नुसतं चवीलाच वाईट नाही, तर पोटालाही बाधतं. थोडंच पाणी ठेवून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा.

कढईत तीन चमचे तेल किंवा चरबी तापवून त्यात कांद्याचे चार मोठे तुकडे काळपट होईपर्यंत तळा आणि काढून टाका. तेलाला कांद्याचा वास लागतो. त्यात राजम्याची पेस्ट आणि मीठ घालून मध्यम आचेवर 12 ते 15 मिनिटं ढवळत आटवा. उलथन्याने मधून रेघ मारली की तळ दिसला पाहिजे आणि रेघ लगेच भरून येता कामा नये. गरम असताना सैल वाटली तर तीच योग्य, गार झाल्यावर ती बरीच घट्ट होते. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गरम सारण पिठाला आतून ओलं करतं आणि बूड सुटतं.

चीज: तिकडे केसियो वापरतात, म्हणजे ताणलं जाणारं ताजं पांढरं चीज. आपल्याकडे कमी पाण्याच्या मोझरेलाचा ठोकळा घ्या. पाण्यात बुडवलेला ताजा मोझरेला नको, तो तव्यावर पाणी सोडतो आणि पुपुसा आतून चिखल होते. पनीर आम्ल घालून फाडलेलं असतं, त्यामुळे ते कितीही तापवलं तरी वितळत नाही. पनीर भरलेली पुपुसा खायला वाईट नाही, पण तोडल्यावर चीजची तार येणार नाही.

300 ग्रॅम मोझरेला बारीक किसणीवर किसा आणि 20 मिनिटं बाहेर ठेवा. मग ताटात घेऊन तळव्याच्या टाचेने दोन-तीन मिनिटं मळा. कोरडं वाटलं तर एक चमचा दूध घाला. किसाच्या कांड्या मोडून लोण्यासारखा गोळा झाला पाहिजे. ही पायरी बहुतेक पाककृतींत नसते, आणि नुसता कीस भरलेल्या पुपुसा म्हणूनच ठिकठिकाणी टोचल्यासारख्या फुटतात.

लोरोको ही तिथल्या एका वेलीची कळी. चीजमध्ये बारीक चिरून घालतात. परदेशातल्या लॅटिन दुकानांत ती गोठवलेली किंवा खारवलेली मिळते. 300 ग्रॅम चीजला 40 ते 50 ग्रॅम पुरते, आणि खारवलेली असेल तर धुऊन घ्या. भारतात ती मिळत नाही. लोरोको कण्हेर आणि तगर यांच्या कुळातली आहे. त्या कुळात विषारी झाडं पुष्कळ आहेत, तेव्हा दिसायला सारखी म्हणून बागेतली कुठलीही कळी चीजमध्ये घालू नका. त्यापेक्षा आयोतेचं सारण करा. आयोते म्हणजे कोवळा भोपळा. त्याच्या जागी कोवळा दुधी किंवा झुकिनी चालते. 200 ग्रॅम किसा, अर्धा चमचा मीठ लावून 15 मिनिटं ठेवा आणि फडक्यात घालून पाणी निघायचं थांबेपर्यंत पिळा. मग चीजमध्ये मिसळा. पिळायला आळस केला तर पुपुसा वाया गेली समजा.

मांसाहाऱ्यांसाठी चिचारोन. हे कुरकुरीत कातडीचे तुकडे नसून मांसाचं वाटण असतं. डुकराच्या खांद्याचं 400 ग्रॅम चरबीयुक्त मांस तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा. एक चमचा मीठ आणि बुडेल इतकं पाणी घालून, झाकण न ठेवता, पाणी आटेपर्यंत शिजवा. पाऊण ते एक तास लागतो. पाणी संपलं की सुटलेल्या चरबीतच दहा-पंधरा मिनिटं परतून सगळीकडून तपकिरी करा. चरबी निथळून घ्या आणि राजमा परतायला वापरा. मांस अर्धा टोमॅटो, पाव ढोबळी मिरची आणि पाव कांदा यांच्यासह मिक्सरमध्ये एकजीव वाटा. पातळ झालं तर कढईत पाच मिनिटं सुकवा.

तिन्ही एकत्र केलं की रेवुएल्ता, पुपुसेरियात जास्तीत जास्त मागितली जाणारी. प्रमाण: चीज 250 ग्रॅम, राजमा 150, चिचारोन 150. शाकाहारी पुपुसाला चीज 300 आणि राजमा 250. सगळं नीट कालवून एकच गोळा करा. एका पुपुसात चीज वेगळं, राजमा वेगळा असे थर दिले तर थापताना ते एकाच बाजूला सरकतात.

हिरवी मिरची, आलं किंवा गरम मसाला आत घालू नका. पुपुसा तिखट नसते. तिच्या चवीची उणीव वरच्या कोबीने आणि साल्साने भरून निघते, म्हणून ती दोन्ही हवीतच.

कुर्तिदो आणि साल्सा

कुर्तिदो म्हणजे आंबट कोबी. 500 ग्रॅम कोबी अगदी बारीक, लांब चिरा. त्यावर उकळतं पाणी ओता, एक मिनिट थांबून निथळा आणि लगेच गार पाण्याने धुवा. कोबीचा उग्रपणा जातो, करकरीतपणा राहतो. त्यात एक किसलेलं गाजर, एक पातळ चिरलेला छोटा कांदा, एक चमचा वाळलेला ओरेगॅनो, दीड चमचा मीठ, 120 मिलिलिटर व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घाला. दाबून बरणीत भरा. चार तासांनी खाता येतो, दुसऱ्या दिवशी खरा लागतो आणि फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

साल्वादोरमध्ये अननसाच्या सालींचं व्हिनेगरही वापरतात. गोव्याचं माडाचं व्हिनेगर इथे छान जमतं. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर फार तीव्र असतं, ते 80 मिलिलिटर घेऊन पाणी वाढवा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांत ओरेगॅनोसोबत मीठ, लसूण आणि बरंच काही असतं. तीच वापरायची असेल तर मीठ निम्मं करा.

साल्सासाठी 500 ग्रॅम पिकलेले टोमॅटो, अर्धा कांदा, पाव ढोबळी मिरची आणि दोन लसूण पाकळ्या बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. वाटून गाळा, एक चमचा तेलात घाला, मीठ आणि चिमूटभर ओरेगॅनो टाकून आणखी दहा मिनिटं उकळू द्या. ती ओतता येईल इतकी पातळ असावी. केचपसारखी दाट झाली तर पाणी घाला.

भरणं आणि थापणं

शेजारी एका वाडग्यात पाणी आणि त्यात एक चमचा तेल ठेवा. प्रत्येक पुपुसाच्या आधी हात त्यात बुडवून झटकायचे. नुसत्या पाण्याने पीठ हाताला चिकटतं, नुसत्या तेलाने पारीचं तोंड बंद होत नाही.

85 ग्रॅमचा गोळा घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा वजनकाट्यावर तोलून घ्या, मग हाताला अंदाज येतो. अंगठ्याने मधोमध दाबून वाटी करा. मोदकाची पारी करतो तशीच, पण कळ्या नाहीत आणि बूड जाड ठेवायचं, निदान सात-आठ मिलिमीटर. कड मात्र पातळ करा. कारण तोंड बंद करताना सगळ्या कडा एकाच जागी गोळा होतात आणि तिथे पिठाचा गठ्ठा बनतो.

सारणाचा गोळा आत बसवा आणि बोटाने जरा खाली दाबा, म्हणजे खाली हवा अडकणार नाही. कडा वर ओढून एकत्र आणा आणि वर आलेली पिठाची शेंडी पिरगाळून तोडून टाका. ती तशीच आत दाबली तर पुपुसाच्या एका बाजूला पिठाचा कच्चट थर राहतो. तोडलेलं पीठ पुढच्या गोळ्यात घाला.

आता गोळा दोन्ही तळव्यांत हलका फिरवून गुळगुळीत करा आणि तोंडाची बाजू एका तळव्यावर घ्या. दुसऱ्या हाताने थाप द्या, उलटा तळव्यावर घ्या, पुन्हा थाप द्या. प्रत्येक थापेला पुपुसा थोडी फिरली पाहिजे. दाब मधोमध नको. बोटांच्या खालच्या फुगीर भागाने कडेकडेने थापत जा, म्हणजे सारण मधून बाहेरच्या दिशेने सारखं पसरतं. दोन बोटांच्या चिमटीने कड मधूनमधून सावरा. सरावाच्या हातांना दहा-बारा थापा पुरतात.

हातावर जमत नसेल तर दुधाची पिशवी कापून तिला तेल लावा आणि तिच्यावर बोटांनी थापा. लाटणं वापरू नका. लाटण्याने पीठ आणि सारण वेगवेगळ्या वेगाने सरकतं आणि पुपुसा कडेला उसवते. छोटी चीर पडली तर चिमूटभर ओलं पीठ लावून बोटाने पुसून घ्या. मोठी पडली तर ठिगळ लावू नका. गोळा बाजूला ठेवा आणि पिठात चमचाभर पाणी घाला, पुढची पुपुसा नीट होईल. फुटलेली शेवटी भाजून स्वयंपाकघरातच खाऊन टाका.

तव्यावर

बीडाचा जाड तवा सर्वांत उत्तम. तिकडच्या तव्याला कोमाल म्हणतात, तोही असाच जड. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब नाचून दोन सेकंदांत उडाला की तवा तयार. तेलाचं बोट फक्त पहिल्या पुपुसाच्या आधी फिरवा. पुपुसा तळायची नसते.

पुपुसा टाकल्यावर तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालची बाजू भाजली की ती आपणहून तव्याला सोडते. उलथनं सरकवल्यावर अडत असेल, तर अजून वेळ आहे. ओढून काढलीत तर बूड तव्यावर राहील. उलटून दुसरी बाजू तीन-चार मिनिटं, मग एकेक मिनिट दोन्ही बाजू पुन्हा. तपकिरी ठिपके, कडेचा ओलसरपणा जाऊन आलेला फिकेपणा आणि मधोमध किंचित फुगणं, या खुणा दिसल्या की झाली. कडेने चीज थोडं बाहेर येऊन तव्यावर करपलं तर ते खरवडून पुपुसासोबतच वाढा. खाणारे त्याची वाट बघत असतात.

आच मोठी असेल तर वरून काळे डाग पडतात आणि आतलं पीठ कच्चं राहतं. दाताला ते चिकटतं. आच फार मंद असेल तर दहा मिनिटांनीही रंग येत नाही आणि पुपुसा वाळून चामट होते. तिसऱ्या-चौथ्या पुपुसापर्यंत बीडाचा तवा जास्त तापतो, तेव्हा आच जरा कमी करा. नॉनस्टिक तव्यावरही पुपुसा होते, पण रंग कमी येतो. तिथे प्रत्येक बाजूला मिनिटभर जास्त द्या.

वाढताना कापडात गुंडाळा, डब्यात बंद करू नका, वाफेने कवच मऊ पडतं. ताटलीत पुपुसा, वर मूठभर निथळलेला कुर्तिदो, त्यावर साल्सा. काटा-चमचा ठेवू नका. बोटांनी तुकडा तोडून त्यानेच कोबी उचलायचा.

मळलेलं पीठ त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात ते संध्याकाळपर्यंत आंबतं. सारणं मात्र फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात, राजमा आणि चिचारोन फ्रीझरमध्ये महिनाभर. पुपुसा उरल्या तर कच्च्या ठेवू नका, भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून गोठवा. खायच्या वेळी फ्रीझरमधून थेट मंद तव्यावर, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं, मग झाकण काढून दोन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ती मिनिटभर मऊ असते आणि पाच मिनिटांत रबरासारखी होते.